वायुविनिमय, फुप्फुसातील

श्वासावाटे आलेल्या हवेतील ऑक्सिजन वायुकोशांच्या (फुप्फुसातील हवेच्या सूक्ष्म पिशव्यांच्या) भित्तीतून रक्तात जाणे व रक्तातील कार्बन डाय-ऑक्साइड उलट दिशेने वायुकोशांत येणे, या क्रियेला फुप्फुसातील वायुविनिमय म्हणतात. नाक, श्वासनाल व मोठ्या श्वसनींचा (श्वासनालाच्या शाखांचा) यात भाग नसतो. विश्रांत अवस्थेत प्रौढ माणूस एका श्वासात सुमारे ५०० मिलि. हवा घेतो, त्यांपैकी १५० मिलि. या मार्गातच अडकते आणि ३५० मिलि. वायुकोशांपर्यंत पोहोचते. मिनिटाला १२ श्वास धरल्यास वायुकोशांना ४.२ लि. हवा मिळते. श्वास उथळ व जलद झाला (२५० मिलि., मिनिटाला २४), तर एकूण हवा ६ लि. एवढीच राहूनही वायुकोशांच्या वाट्याला २.४ लि. येते. धाप लागलेल्या रुग्णाचे नुसते श्वास मोजून भागत नाही, छाती किती फुलते हेही पाहावे लागते, ते यामुळेच.

दोन्ही फुप्फुसांत मिळून सुमारे ४८ कोटी वायुकोश असतात (जुन्या ग्रंथांत ३० कोटी). व्यक्तिपरत्वे फरक बराच पडतो. प्रत्येकाचा व्यास सु. ०.२ मिमी. असतो. एकूण पृष्ठभाग बहुधा ७० चौ. मी. दिला जातो, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने तो १३० चौ. मी.पर्यंत भरतो, कारण अधिक विवर्धनात बारीक घड्याही हिशेबात येतात. हवा व रक्त यांमधील पडदा पातळ जागी ०.२ ते ०.३ मायक्रोमीटर असतो.

समुद्रसपाटीला वायुकोशांतील ऑक्सिजनचा आंशिक दाब (मिश्रणातील एकट्या त्या वायूचा दाब) सु. १०० मिमी. (पारा) व फुप्फुसाकडे येणाऱ्या रक्तातील ४० मिमी. असतो. कार्बन डाय-ऑक्साइडच्या बाबतीत फरक अवघा ६ मिमी.चा (४६ व ४०) असतो. पण तो ऊतकांतून ऑक्सिजनच्या सु. २० पट सहज विसरित होत (जास्त दाबाकडून कमी दाबाकडे आपोआप पसरत) असल्याने तेवढा पुरतो. तांबडी पेशी केशवाहिनीत पाऊण सेकंद राहते, आणि समतोल पहिल्या पाव सेकंदातच साधतो.

ऑक्सिजन केवळ विसरणाने रक्तात जातो, की फुप्फुस तो ग्रंथीप्रमाणे स्रवते, हा वाद साधारण १८७० पासून अर्धशतक चालला. लाइपझिगचे कार्ल लुडविग स्रवणाकडे झुकले होते, तर बॉनचे एडुआर्ट फ्ल्यूगर विसरणाच्या बाजूने होते. कोपनहेगनच्या क्रिस्तियान बोर यांना १८९१ मध्ये कुत्र्यांवरील काही मोजण्यांत धमनीतील ऑक्सिजनचा दाब वायुकोशांतील हवेपेक्षा अधिक आढळला. माशांच्या वाताशयात (तरंगण्यास मदत करणाऱ्या वायूच्या पिशवीत) ऑक्सिजन फार मोठ्या दाबाने साठतो, हे माहीत असल्याने कल्पना अवास्तव वाटत नव्हती. बोर यांचेच साहाय्यक ऑगस्ट क्रोग व त्यांच्या पत्नी मारी यांनी रक्ताच्या धारेत हवेचा इवलासा बुडबुडा ठेवला. रक्ताशी समतोल झाल्यावर त्यातील वायूंचे पृथक्करण केले. धमनीतील दाब प्रत्येक वेळी वायुकोशांतील दाबापेक्षा कमीच भरला (१९१०).

ब्रिटिश शरीरक्रियाविज्ञ जे. एस. हॉल्डेन यांना हे पटले नाही. १९११ मध्ये कोलोरॅडोतील पाइक्स पीकवर (सु. ४,३०० मी.) त्यांनी व सहकाऱ्यांनी मोजण्या केल्या आणि विरळ हवेला सरावलेले फुप्फुस ऑक्सिजन स्रवते, असा निष्कर्ष काढला. त्यांची पद्धत मात्र अप्रत्यक्ष होती : अल्प कार्बन मोनॉक्साइड हुंगवून रक्ताचा रंग डोळ्यांनी जुळवायचा. जोसेफ बारक्रॉफ्ट १९२० मध्ये केंब्रिजला काचेच्या बंद खोलीत सहा दिवस राहिले. ऑक्सिजन कमी करत नेल्यावर मनगटाच्या धमनीतून रक्त काढण्यात आले. त्यातील ऑक्सिजन, तेच रक्त त्यांच्या वायुकोशांतील हवेशी घुसळल्यावर मिळणाऱ्या ऑक्सिजनपेक्षा जास्त नव्हता. हॉल्डेन यांनी १९३६ मध्ये निधन होईपर्यंत मत सोडले नाही. आज विसरणाचीच बाजू ग्राह्य मानली जाते. बोर व हॉल्डेन यांची हीमोग्लोबिनविषयक निरीक्षणे मात्र अबाधित आहेत, आणि या एका चुकीवरून त्यांचे मोठेपण मोजणे अन्यायाचे ठरेल.

बिघाड दोन तऱ्हांनी ओळखता येतो. पडदा जाड झाल्यास (फुप्फुस-तंतुमयता) बसल्या जागी ऑक्सिजनची पातळी ठीक दिसते. चालू लागताच रक्त वेगाने वाहते, समतोलाला वेळ पुरत नाही व पातळी घसरते. म्हणून अशा रुग्णाची मोजणी चालवून करावी. न्यूमोनियात वायुकोश द्रवाने भरतात व काही रक्त हवेला न भेटताच पुढे जाते. येथे शुद्ध ऑक्सिजन देऊनही पातळी पुरेशी चढत नाही. लेहला (सु. ३,५०० मी.) श्वासातील ऑक्सिजनचा दाब मुळातच १५० ऐवजी ९५ मिमी.च्या आसपास असल्याने निरोगी माणसाचीही पातळी उतरते.

विसरणक्षमता (फुप्फुसातून वायू रक्तात किती सहज जातो ते) मोजण्याची आजची चाचणी मारी क्रोग यांच्या पद्धतीतून आली आहे. सु. ०.३ टक्के कार्बन मोनॉक्साइड असलेले मिश्रण एका दमात पूर्ण आत घेऊन १० सेकंद रोखतात व उच्छ्वासातील नमुना तपासतात. पांडुरोगात (रक्तक्षयात) आकडा कमी येतो, म्हणून हीमोग्लोबिननुसार दुरुस्ती करतात. चाचणीपूर्वी धूम्रपान केल्यास रक्तात आधीच असलेल्या कार्बन मोनॉक्साइडमुळे फुप्फुस आहे त्याहून खराब दिसते.