कॅनन ७७डी की ८०डी: वरच्या छोट्या पडद्यावरून ठरवू नका

सेकंडहँड बाजारात कॅननच्या या दोन डीएसएलआर (आरशातून दृश्य दाखवणाऱ्या) कॅमेऱ्यांत लोकांचा हमखास गोंधळ होतो. दोन्हींत २४ मेगापिक्सेलचा एपीएस-सी आकाराचा सेन्सर आणि ४५ फोकस पॉइंट. बाहेर वळणारा टचस्क्रीन, वरचा माहितीचा छोटा पडदा, मागचं गोल डायल, फोकस करायचं एएफ-ऑन बटण हेही दोन्हींवर सापडतं. वर ७७डी २०१७ चा, म्हणजे ८०डीपेक्षा वर्षभराने नवा. मग जुना कशाला घ्यायचा?

कारण ७७डी आतून कॅननचाच नवशिक्यांसाठीचा ८००डी आहे. ते दोन कॅमेरे एकत्रच जाहीर झाले आणि त्यांची बॉडीची मापंही तीच आहेत. ७७डीला वरचा पडदा, मागचं डायल आणि एएफ-ऑन यांची जोड मिळाली, एवढंच. ८०डीचा सांगाडा मुळात वेगळा.

फरक पाहायचा तर आधी व्ह्यूफाइंडरला डोळा लावा. ८०डीत काचेचा अखंड पेंटाप्रिझम आहे, तर ७७डीत आरसे जोडून केलेला पेंटामिरर. त्यामुळे ८०डीत चित्र उजळ आणि मोठं दिसतं (०.९५ पट, ७७डीत ०.८२). त्याहून महत्त्वाचं म्हणजे ८०डीत फ्रेम जवळपास १०० टक्के दिसते, ७७डीत ९५. हे ९५ टक्के उभ्या आणि आडव्या, दोन्ही बाजूंचे आहेत. म्हणजे क्षेत्रफळाचा साधारण दहावा हिस्सा तुम्हाला न दिसताच फोटोत येतो. कडेला विजेची तार किंवा कुणाचा कोपर घुसतो तो इथून. दुकानात दाराची चौकट फ्रेमच्या कडांना बरोबर टेकवून फोटो काढा, ७७डीत चौकटीबाहेरची भिंतही आलेली दिसेल. चष्मा असेल तर आणखी एक गोष्ट: ८०डीत डोळा २२ मिमीपर्यंत मागे राहिला तरी पूर्ण फ्रेम दिसते, ७७डीत १९ मिमी. तीन मिलिमीटर ऐकायला क्षुल्लक वाटतात. चष्म्याची काच मध्ये आली की वाटत नाहीत.

आता पकड. बॅटरी-कार्डासह ८०डी ७३० ग्रॅम, ७७डी ५४०. कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या किट लेन्सवर हलका कॅमेरा सुखाचा, यात वाद नाही. पण दीड किलोच्या आसपासची ७०-२०० मिमी एफ/२.८ लेन्स लावली की ७७डी पुढे झुकतो आणि मनगट भरून येतं. उंचीत पाचच मिमीचा फरक असला तरी मोठ्या हाताची करंगळी ७७डीवर खाली निसटते. त्याला कॅननची बॅटरी ग्रिपही नाही. ८०डीला बीजी-ई१४ बसते. म्हणून दुकानात हातात घेताना स्वतःची सर्वांत जड लेन्स लावूनच घ्या.

बटणांची गोष्टही तशीच. ८०डीवर वरच्या पडद्यापुढे एएफ (ऑटोफोकस), ड्राइव्ह (एकेक की सलग फोटो), आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता), मीटरिंग (उजेड मोजायची पद्धत) अशी स्वतंत्र बटणं ओळीने आहेत. नजर व्ह्यूफाइंडरमधून न काढता बोटाने मोजून दाबता येतात. ७७डीवर ही पूर्ण ओळ नाही. मीटरिंग बदलायचं तर क्विक मेन्यूत जा. मोड डायलवर स्वतःची सेटिंग साठवायच्या सी१, सी२ या जागाही ८०डीवरच आहेत. लग्नात मांडवातून उन्हात सतत ये-जा करणाऱ्याला याचं मोल लगेच कळतं.

उन्हावरून शटर आठवलं. भर दुपारी आयएसओ १००, एफ/१.८ वर (लेन्सचं छिद्र बरंच उघडं असताना) साधारण १/८००० सेकंदाचं शटर लागतं. ८०डी तिथवर जातो. ७७डी १/४००० ला थांबतो आणि फोटो एक स्टॉप, म्हणजे दुप्पट, उजळ येतो. उपाय दोनच: उजेड कमी करणारा एनडी फिल्टर लावा, नाहीतर एफ/२.८ पर्यंत छिद्र लहान करा.

८०डीत एएफ मायक्रोअ‍ॅडजस्टमेंट आहे, ७७डीत नाही. डीएसएलआरमध्ये व्ह्यूफाइंडरचा फोकस वेगळा सेन्सर ठरवतो, त्यामुळे एखाद्या लेन्सशी त्याचं जुळत नाही आणि फोकस डोळ्याऐवजी कानावर बसतो. ८०डीत ते मेन्यूतून दुरुस्त होतं. ७७डीवाल्याने अशा वेळी लाइव्ह व्ह्यू (मागच्या पडद्यावर पाहून फोटो काढणं) वापरावा: तिथे मुख्य सेन्सरच फोकस करतो, चूक उरत नाही.

बॅटरीचा हिशेब सरळ आहे: कॅननच्या मोजणीनुसार ८०डी ९६० फोटो, ७७डी ६००.

७७डीची बाजूही आहे. त्याचा डिजिक ७ प्रोसेसर नवा आहे आणि ब्लूटूथ आहे, जे ८०डीत नाही. प्रवास, घरचे समारंभ, छोटी लेन्स एवढंच काम असेल तर १९० ग्रॅम उगाच वाहू नका. मात्र व्हिडिओ करताना आवाज ऐकायला हेडफोन लागत असेल तर त्याचा जॅक ८०डीलाच आहे.

राहिला पाऊस. ८०डीची बॉडी धूळ आणि शिंतोडे अडवते, ७७डीच्या बाबतीत तसा दावा नाही. पण ८०डीसोबत येणाऱ्या १८-५५ किंवा १८-१३५ लेन्सच्या माउंटवर रबरी कडं नसतं, आणि पाणी शिरतं ते तिथूनच. जुलैत लोणावळ्याला ८०डी न्यायचा असेल तरी रेनकव्हर घ्याच.