२८, ५०, ८२ : मॅजिक नंबर असतात, पण तुमच्या जन्मतारखेत नाही

मोबाईलवर कुठलंही न्यूज पोर्टल उघडा, "तुमचा मूलांक ७ आहे का?" छापाची एक तरी बातमी समोर येतेच. आरटीओत ०००१ नंबरसाठी लोक लाखो रुपये मोजतात, नावाच्या स्पेलिंगमधे एक जास्तीचा 'ए' घुसवतात, आणि वर आपल्याला ऐकवतात की आकड्यांमधे मॅजिक असतं. असतं ना! फिजिक्समधे चक्क 'मॅजिक नंबर' याच नावाचे आकडे आहेत, २, ८, २०, २८, ५०, ८२ आणि १२६. फक्त ते अणुकेंद्रकातल्या प्रोटॉन-न्यूट्रॉनच्या संख्येचे आहेत, यातली संख्या जमली की केंद्रक जास्त टिकाऊ होतं; तुमच्या लग्नाच्या तारखेशी त्यांना काही घेणंदेणं नाही.

कथील घ्या. कल्हईवाला तापलेल्या पितळी पातेल्यात नवसागर टाकून जी चकचकीत कांडी फिरवतो ना, ते. कथलाच्या प्रत्येक अणूत ५० प्रोटॉन असतात, न्यूट्रॉन मात्र कमीजास्त असू शकतात, म्हणजे शाळेत शिकलेले आयसोटोप. तर कथलाचे टिकाऊ आयसोटोप तब्बल १०, एवढे दुसऱ्या कुठल्याच मूलद्रव्याचे नाहीत. आणि आवर्तसारणीत शेजारच्या घरातलं अँटिमनी, प्रोटॉन ५१, त्याचे फक्त २! एक प्रोटॉन वाढला तर एवढं काय बिघडलं? दुसरं उदाहरण शिशाचं, प्रोटॉन ८२. केरळच्या किनाऱ्यावरच्या वाळूत थोरियम असतं, ते किरणोत्सर्ग करत करत शेवटी शिसं-२०८ वर येऊन थांबतं, ८२ प्रोटॉन आणि १२६ न्यूट्रॉन, दोन्ही आकडे यादीतले. याला डबल मॅजिक म्हणतात.

१९४० च्या दशकात बहुतेक लोक अणुकेंद्रकाला द्रवाचा थेंब मानून हिशोब करायचे आणि तो हिशोब बराचसा जमायचाही. पण थेंबात ५० किंवा ८२ ला विशेष काही असण्याचं कारणच नाही. भौतिकशास्त्रज्ञ यूजीन विग्नर थेंबवाल्यांपैकीच, पुरावा तर नाकारता येईना, त्याला तो प्रकार जादूसारखा वाटला म्हणून 'मॅजिक नंबर' हे नाव पडलं.

हे कोडं सोडवलं अमेरिकेतल्या भौतिकशास्त्रज्ञ मारिया गोपर्ट मायर यांनी. नवरा प्रोफेसर, त्यामुळे बाईंना वर्षानुवर्षं बिनपगारीच काम करावं लागलं, पण तो वेगळ्या लेखाचा विषय आहे. आता खरी मजा, जरा कागद-पेन घ्या.

केंद्रकातला प्रत्येक कण बाकी सगळ्यांच्या ओढीत आपापला फिरतोय असं धरलं तर त्याला ठराविक ऊर्जेच्या पातळ्या मिळतात, आणि प्रत्येक पातळीत जागा ठरलेल्या, २, ६, १२, २०, ३०, ४२. पातळी पूर्ण भरली की केंद्रक टिकाऊ, म्हणून बेरीज करत जा. २, ८, २०, ४०, ७०, ११२. पहिले तीन बरोब्बर आले आणि पुढे गाडी रुळावरून घसरली. बाई याच्याशी झगडत होत्या तेव्हा त्यांचा सहकारी भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मी फोन घ्यायला उठला आणि जाता जाता विचारून गेला, स्पिन-ऑर्बिट कपलिंगचा काही पुरावा दिसतोय का? बाईंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

म्हणजे काय, तर कण केंद्रकात फिरतो आणि त्याला स्वतःची गिरकीही असते, स्पिन. बाई स्वतः वॉल्ट्झ नाचाचं उदाहरण द्यायच्या, जोड्या हॉलभर गोल फिरतात आणि फिरताना स्वतःभोवतीही फिरतात, त्यात एका दिशेची गिरकी सोपी जाते, उलटी जड जाते. केंद्रकात फिरणं आणि गिरकी एकाच दिशेला असली की ऊर्जा कमी, विरुद्ध असली की जास्त. इलेक्ट्रॉनमधेही असा फरक पडतो पण अगदी किरकोळ आणि उलट दिशेने, इथे परिणाम मोठा आणि फिरण्याचा कोनीय संवेग जितका जास्त तितकी फट मोठी. त्यामुळे एफ नावाच्या उपपातळीतल्या १४ जागा फुटून ८ आणि ६ होतात (पुस्तकी भाषेत जे बरोबर एल अधिक किंवा उणे अर्धा, डोक्यावरून गेलं तर सोडून द्या), त्यातल्या ८ खाली घसरतात. २० अधिक ८, झाले २८. पुढे 'जी' उपपातळीच्या १८ मधल्या १० खालच्या गटात येतात, ४० अधिक १० म्हणजे ५०. एच च्या १२, ७० अधिक १२ म्हणजे ८२. आय च्या १४, ११२ अधिक १४ म्हणजे १२६! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा वहीत पुन्हा पुन्हा बेरजा करून बघितल्या होत्या, इतकं सरळ कसं काय येतं म्हणून. आता अंकशास्त्रवाल्या बुवांना विचारून बघा की ७ च का, ८ का नाही, बेरीज कोणी दाखवते का ते बघू.

जर्मनीत हान्स येन्सेन आणि त्याचे सहकारीही १९४९ मधे स्वतंत्रपणे इथेच पोचले. १९६३ चं नोबेल अर्धं विग्नरला आणि उरलेलं मायर-येन्सेन यांना विभागून. सॅन दिएगोच्या पेपरने बातमी दिली ती 'सॅन दिएगोच्या आईला नोबेल' अशी, काय बोलायचं.

आणि हे आकडे दगडावरची रेघही नाहीत बरं का. ऑक्सिजन-२८ मधे ८ प्रोटॉन आणि २० न्यूट्रॉन, दोन्ही मॅजिक, म्हणजे चांगला दणकट असायला हवा. २०२३ मधे जपानच्या रिकेन संस्थेत तो पहिल्यांदा सापडला तर पठ्ठ्या तयार होताहोताच चार न्यूट्रॉन फेकून ऑक्सिजन-२४ होऊन बसला. न्यूट्रॉनची इतकी गर्दी झाली की पातळ्याच सरकतात आणि २० च्या पुढची फट बुजते. ती नेमकी किती आणि का बुजते यावर सध्या मंडळी जोरात भिडलेली आहेत.