गिअरबॉक्स बदलला, मागच्या हौसिंगचं काय? गोव्यातल्या जुन्या जीपांची पार्श्वभूमी

गोव्यात जुन्या जीपवाल्यांमध्ये हल्ली जो वाद रंगतो तो इंजिनाचा नसतो. इंजिन कुठलं बसवायचं हे बहुतेकांनी ठरवून टाकलेलं असतं. वाद होतो तो पाच गिअरचा बॉक्स चढवल्यानंतर मागच्या हौसिंगवरून, म्हणजे मागच्या दोन चाकांमधल्या एक्सेलच्या लोखंडी कवचावरून. जुनी, उजवीकडे गोळा (आत गिअर बसलेला फुगीर भाग) असलेली हौसिंग ठेवायची की मधोमध गोळा असलेली दुसऱ्या गाडीची आणायची? डिचोलीचा मेस्त्री एक सांगतो, फोंड्याचा दुसरं, आणि कुडचड्याला गेलात तर तिसरंच ऐकून परत याल. तिघांचंही आपापल्या जागी खरं असतं, कारण भानगड जीपच्या मूळ घडणीतच आहे.

युद्धकाळातल्या विलिसला, म्हणजे मूळ जीपला, तीन गिअरचा बॉक्स होता आणि त्याच्या पाठीला चिकटलेला स्पायसर 18 हा ट्रान्स्फर केस, पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा. त्यात ताकद मधल्या गिअरवरून उतरून उजव्या बाजूच्या शाफ्टवर येते आणि तिथूनच पुढे-मागे जाते. म्हणजे मागचा आउटपुट गाडीच्या मध्यावर नाही, उजवीकडे. साहजिकच दोन्ही गोळेही उजवीकडे. हँडब्रेकचा ड्रम चाकांत नव्हता, ट्रान्स्फर केसच्या मागच्या आउटपुटवर होता. ही मांडणी 1945 च्या सीजे-2ए या नागरी जीपमध्ये आली आणि 1953 च्या उंच बॉनेटच्या सीजे-3बी मध्येही तशीच राहिली. मुंबईत 1947 पासून महिंद्राने जीपची जुळणी सुरू केली होती. पुढे अमेरिकेत 3बी बंद पडली तरी आपल्याकडे तिचा वंश कित्येक दशकं चालू राहिला. म्हणून तिकडे जो इतिहास झाला तो इकडे अजून गॅरेजमध्ये उभा आहे.

पोर्तुगीज अमदानीत गोव्यात गाड्या थेट परदेशातून उतरत. पन्नासच्या दशकात जपानला लोहखनिज जाऊ लागलं तशी खाणपट्ट्यात जीपची गरज वाढली. 1961 नंतर देशी बाजार खुला झाला आणि साखळी, डिचोली, सांगेच्या खाणींवर महिंद्राच्या गाड्याच दिसू लागल्या. त्या काळात कुणी मागच्या हौसिंगला हात लावल्याचं ऐकिवात नाही. लावायचं कारणही नव्हतं.

कारण निर्माण केलं डिझेलने. पेट्रोल परवडेना म्हणून आधी ट्रॅक्टर घराण्यातलं इंटरनॅशनल बी-275 इंजिन आलं, मग प्यूजोचं 2112 सीसीचं एक्सडीपी. पहिलं ओढायला दणकट पण संथ, दुसरं जरा पळणारं. ऐंशीच्या दशकातल्या महिंद्राच्या एमएम 540 पर्यंत चार गिअर रुळले आणि पुढे लांब गाड्यांतून पाच गिअरचा बॉक्सही आला. जुन्या तीन गिअरवाल्या मालकाची नजर त्या पाचव्या गिअरवर गेली नसती तरच नवल.

हिशोबच तसा आहे. 3बी चा क्राउन-पिनियन, म्हणजे गोळ्यातली मोठ्या-लहान गिअरची जोडी, 5.38 चा: 43 दात आणि 8 दात. 6.00-16 च्या टायरवर टॉपमध्ये ताशी 80 किलोमीटरला इंजिन मिनिटाला सुमारे 3,150 फेरे मारतं. म्हापशाहून पणजीपर्यंत तो आवाज कानात घेऊन उतरलेल्या माणसाला ओव्हरड्राइव्हचं, म्हणजे इंजिनाचे फेरे कमी करणाऱ्या वरच्या गिअरचं, महत्त्व पटवून द्यावं लागत नाही. पाचवा गिअर 0.85 चा असला तर तेच फेरे 2,700 च्या आत येतात. उलट्या टोकाला जुन्या बॉक्सचा पहिला गिअर 2.798, ट्रान्स्फरचा लो 2.46 आणि 5.38 यांचा गुणाकार होतो 37. पहिला गिअर 4 चा मिळाला तर तो जवळपास 53 वर जातो. चिखलात क्लच न जाळता रांगायला हाच आकडा कामाला येतो.

इथवर सगळ्यांचं एकमत. पण नवा बॉक्स जुन्यापेक्षा लांब असतो आणि इंजिन पुढे सरकवायला जागा नसते. म्हणून ट्रान्स्फर केस मागे जातो. 3बी चा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, अवघा 80 इंच, मागचा शाफ्ट मुळातच आखूड. समजा ट्रान्स्फर केसचा आउटपुट आणि पिनियन यांच्यात आडवं अंतर 20 इंच आणि उंचीचा फरक 6 इंच आहे, तर शाफ्टचा कोन 17 अंशांच्या आसपास भरतो. अंतर 4 इंचांनी घटलं की तो 20 च्या पुढे जातो. त्यात मुळात हौसिंगखाली असलेले कमानपाटे हौसिंगवर चढवून गाडी उंच केली असेल, तर विचारूच नका.

आता खरी गोम. पाच गिअरच्या बॉक्ससोबत बहुधा त्याचाच ट्रान्स्फर केस येतो आणि त्याचा मागचा आउटपुट मध्यावर असतो. जुन्या हौसिंगचा गोळा मात्र उजवीकडेच. शाफ्ट आता खाली तर उतरतोच, शिवाय तिरकाही जातो. वरच्याच उदाहरणात, अंतर 16 इंच उरलेलं असताना, गोळा 4 इंच बाजूला असला तर एकूण कोन 24 अंशांवर जातो. काही जण छातीठोकपणे सांगतात की तिरका शाफ्ट म्हणजे गाडी थरथरणारच. हे अर्धंच खरं आहे. आउटपुट आणि पिनियन एकमेकांना समांतर असतील, वरून पाहिलं तरी आणि बाजूने पाहिलं तरी, आणि शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक, म्हणजे क्रॉस धरणारे चिमटे, एका रेषेत असतील, तर पहिल्या क्रॉसने, म्हणजे टोकाच्या वळत्या सांध्याने, केलेली वेगाची चढउतार दुसरा क्रॉस भरून काढतो. मरतात ते क्रॉस. सुयांची बेअरिंगं एवढ्या कोनात पावडर होतात, आणि आपल्याकडच्या तांबड्या चिखलात ग्रीसने धुऊन काढायला उशीर झाला की त्याहून लवकर.

मग पर्याय तीन. जुना स्पायसर 18 ठेवायचा आणि अडॅप्टर प्लेट करून नव्या बॉक्सला जोडायचा. हौसिंग आहे तशी राहते, हँडब्रेक आणि स्पीडोमीटरची केबलही राहते. दुसरा, मध्यावर गोळा असलेली हौसिंग दुसऱ्या गाडीची घ्यायची. तिचा ट्रॅक (डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर) रुंद असल्याने चाकं मडगार्डच्या बाहेर येतात आणि स्प्रिंगची बैठक नव्याने वेल्ड करावी लागते. तिसरा, हौसिंगची नळी कापून अरुंद करायची. हा तिसरा पर्याय जितका ऐकायला सोपा तितका करायला वाईट. नळी जिगवर (सरळ धरून ठेवणाऱ्या साच्यावर) न बांधता वेल्ड केली की उष्णतेने ओढली जाते, दोन्ही टोकं एका रेषेत राहत नाहीत आणि बेअरिंग गुपचूप खात बसतात. एक्सेल शाफ्ट आखूड करून टोकाला नव्या स्प्लाइन (खाचा) कापल्या तर कडक केलेला वरचा थरच कापला जातो. रस्त्यावर टिकेल, दगडात अडकलेल्या चाकावर पीळ बसला की तुटेल.

माझा कल पहिल्या पर्यायाकडे आहे आणि तो लपवत नाही. स्पायसर 18 हाय गिअरमध्येही मधल्या गिअरवरूनच ताकद पाठवतो, म्हणून तो कण्हतो आणि मध्यावरचा आउटपुट थेट जातो म्हणून शांत असतो, हे मान्य. पण हँडब्रेक घालवून बसलेल्या कितीतरी गाड्या रस्त्यावर आहेत. ड्रम ट्रान्स्फर केसवर होता, तो केस गेला, आणलेल्या हौसिंगच्या केबली कुणी जोडल्याच नाहीत. चोडणच्या फेरीबोटीच्या रॅम्पवर पुढच्या चाकाखाली दगड लावून उभी राहणारी जीप दिसली की बाकी कुणी काही विचारत नाही.

दुसरा पर्याय घेणाऱ्यांपैकी जे पूर्ण संच आणतात त्यांचं काम मात्र नीट होतं: बॉक्स, ट्रान्स्फर, पुढची-मागची हौसिंग, सगळं एकाच गाडीचं. एकच हौसिंग बदलली आणि मागे 4.88, पुढे 5.38 राहिलं, तर फोर-व्हीलमध्ये टाकताच दोन्ही एक्सेल एकमेकांशी भांडतात. 4.88 म्हणजे 39 दात आणि 8 दात. मागचं कव्हर उघडून क्राउनचे दात मोजले तर दहा मिनिटांत कळतं. चुना किंवा खडूने एका दातावर खूण करा आणि तिथपासून मोजा.

पिनियन वर फिरवण्याची फॅशनही अलीकडची. शाफ्टच्या वरच्या टोकाला डबल क्रॉस (दोन क्रॉस जवळजवळ असलेला सांधा) लावला असेल तर पिनियन त्याच्या रोखाने वर असायलाच हवा. साधे दोन क्रॉस असताना नुसतं फोटोत बरं दिसतं म्हणून पिनियन उचलला तर समांतरपणा जातो आणि थरथर सुरू होते. शिवाय पिनियनच्या पुढच्या बेअरिंगला ऑइल पोचत नाही. ते बेअरिंग आवाज करायला लागेपर्यंत क्राउनही गेलेला असतो.

2012 च्या सप्टेंबरमध्ये खाणी थांबल्या, थोड्या काळासाठी सुरू झाल्या, 2018 मध्ये पुन्हा बंद पडल्या. उभ्या राहिलेल्या गाड्यांचे सुटे भाग भंगारात आले आणि हौसिंग शोधण्याचा खर्च उतरला. त्याआधी 2010 मध्ये थार आली होती, पाच गिअर घेऊनच. 2014 पासून पावसाळ्यात गोव्यात रेनफॉरेस्ट चॅलेंज या ऑफ-रोड स्पर्धेची भारतीय फेरी भरू लागली आणि गॅरेजमधल्या पोरांना विंच, लॉकर (एक्सेलची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारा), डबल क्रॉस हे शब्द पाठ झाले. 2020 च्या थारला मागे कॉइल स्प्रिंग आणि यांत्रिक लॉकर कंपनीतूनच मिळू लागला. तेव्हापासून जुनी जीप हाती घेणारा माणूस सोयीपेक्षा हौसेने घेतो.

हौसेला कायद्याची वेसण आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये 2000 साली बदल झाला आणि आरसी बुकातला तपशील निर्मात्याने दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा ठरेल असा बदल मना झाला. 2019 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने तोच अर्थ पक्का केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने परवानगीबाहेरच्या प्रत्येक बदलाला 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आली. 2022 च्या एप्रिलमध्ये पंधरा वर्षांवरच्या मोटारीच्या पुनर्नोंदणीचं शुल्क 600 वरून 5,000 झालं होतं. तपासनीस गाडीखाली शिरून पिनियनचा कोन मोजत नाही. मडगार्डबाहेर आलेली चाकं मात्र त्याला उभ्या उभ्या दिसतात, आणि हँडब्रेक ओढून बघायला तर तो पहिल्यांदा सांगतो.