माती व खननविषयक जुने इंग्रजी शब्द

सामान्य इंग्रजीतून मागे पडलेले, पण एखाद्या बोलीत, धंद्यात किंवा स्थलनामात तगून राहिलेले माती व खणण्यासंबंधीचे शब्द. यांतील बहुतेक जर्मानिक (इंग्रजी, जर्मन, डच यांच्या भाषाकुळातील) मूळचे आहेत, थोडे लॅटिनमधून आलेले. 'फॉसिल' हा त्यांपैकीच. मुळात जमिनीतून खणून काढलेली कोणतीही वस्तू असा त्याचा अर्थ होता, 'जीवाश्म' हा मागाहून रूढ झाला.

जुन्या इंग्रजीत खणण्याला 'डेल्फन' म्हणत. त्याचेच पुढे 'डेल्व्ह' झाले. १३८१ च्या शेतकरी उठावातील धर्मोपदेशक जॉन बॉल याच्या नावावर असलेल्या यमकात आदम 'डेल्व्ह' करतो आणि ईव्ह सूत कातते. तेव्हा उमराव कोण होता, असा सवाल त्यात आहे. आज हे क्रियापद बहुधा दप्तरे धुंडाळण्यापुरते उरले आहे. खाणवाचक 'डेल्फ' हे नाम उत्तर इंग्लंडमधील स्थलनामांत टिकले. नेदर्लंड्समधील डेल्फ्ट शहराचे नावही खणलेल्या कालव्यावरूनच पडले.

'डेल्व्ह'ची जागा घेणाऱ्या 'डिग'ची व्युत्पत्ती वादग्रस्त आहे. हा शब्द चौदाव्या शतकाच्या सुमारास आढळू लागतो. एक मत असे, की तो 'डीक' (चर) या जुन्या इंग्रजी शब्दापासून निघाला. परंतु ध्वनिनियमांप्रमाणे त्यापासून 'डिच' किंवा 'डाइक' व्हावे. शेवटच्या 'ग'चा उलगडा होत नाही. म्हणून बांध घालणे या अर्थाच्या फ्रेंच 'दिगे'कडे बोट दाखवणारे मत अधिक ग्राह्य वाटते. अर्थात तो फ्रेंच शब्दही मुळात जर्मानिकच, त्यामुळे वाद कुळाचा नसून वाटेचा आहे. 'डग' हे भूतकाळी रूप सोळाव्या शतकापासूनचे. १६११ च्या बायबल भाषांतरात सर्वत्र 'डिग्ड' आहे.

'डिच' आणि 'डाइक' हे एकाच शब्दाचे दोन अवतार. चर खणताना माती एका अंगाला टाकली की बांध आपोआप उभा राहतो. दक्षिणेकडे नाव खड्ड्याला चिकटले, उत्तरेकडे बांधाला. इंग्लंड व वेल्स यांच्या सरहद्दीवरील आठव्या शतकातील 'ऑफाज डाइक' या बांधाला चरही आहे.

'मोल्डवॉर्प' म्हणजे शब्दशः 'माती फेकणारा', अर्थात मोल हा बिळे खणणारा प्राणी. (मराठीत त्याला चिचुंद्री म्हणण्याचा प्रघात आहे, चिचुंद्री निराळी.) जर्मन 'माउलवुर्फ' त्याचाच भाऊबंद, पण तेथे लोकांनी पूर्वपदाचा संबंध 'तोंडा'शी जोडला. शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'मध्ये भूमीखालून बोलणाऱ्या पित्याच्या भुताला मोल आणि 'पायोनियर' म्हटले आहे. पायोनियर म्हणजे तेव्हा सैन्यापुढे जाऊन खंदक, सुरुंग खणणारा शिपाई.

नांगरणे या अर्थाचे 'इअर' हे क्रियापद लॅटिन 'अरारे'चे सगोत्र आहे. बायबलमधील 'इअरिंग'चा अर्थ नांगरणी. कान किंवा कणीस यांच्याशी त्याचा संबंध नाही. 'स्पिट' म्हणजे फावड्याच्या पात्याएवढी खोली, साधारण वीतभर. पुरातत्त्वज्ञ उत्खननातील ठरावीक जाडीच्या थराला आजही हेच नाव देतात.

'डेनहोल' हा शब्द केंट व एसेक्समधील खडूच्या जमिनीत खणलेल्या अरुंद विवरांना लावतात. एसेक्समध्ये ग्रेजजवळील हँगमन्स वुड येथे सु. ८० फूट खाली उतरल्यावर विवराच्या तळाशी पाकळ्यांसारखी दालने लागतात. डेन (डेन्मार्ककडील) लोकांच्या हल्ल्यांत लपण्याच्या या जागा, ही समजूत लोकव्युत्पत्तीतून, म्हणजे नावातील साम्यावरून लोकांनी लावलेल्या अर्थातून, आलेली दिसते. दरी किंवा गुहा या अर्थाच्या जुन्या इंग्रजी शब्दांशीही नाव जोडले जाते. धान्याची पेवे, गारगोटीच्या खाणी असेही तर्क झाले. मातीचा कस सुधारण्यासाठी शेतात पसरायचा खडू काढण्याच्या या खाणी असाव्यात, हे मत अधिक सयुक्तिक आहे: दुरून खडू वाहून आणण्यापेक्षा तो आपल्याच शेताखालून उपसता येई आणि अरुंद तोंडामुळे पीकही फारसे बुडत नसे. ब्रिटनमध्ये शंभर फूट खोल, तोंडाशी अरुंद विवरांतून खडू काढतात व एकदा टाकलेला ऐंशी वर्षे पुरतो, असे रोमन लेखक प्लिनीने पहिल्या शतकात नोंदवले आहे. मात्र आज दिसणारी विवरे बहुतांशी मध्ययुगीन असावीत.

उलट दिशेने मराठीतून इंग्रजीत गेलेला 'मूरम' या गटात बसतो. युल व बर्नेल यांच्या १८८६ च्या 'हॉब्सन-जॉब्सन' या अँग्लो-इंडियन शब्दांच्या कोशात पश्चिम भारतातील, रस्त्यावर टाकायच्या भरड खडीचा शब्द म्हणून तो येतो. तेथे मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या आधारे त्याचा अर्थ, बहुधा कुजलेला ट्रॅप (काळा ज्वालामुखीजन्य) खडक, असा दिला आहे.