ढिगाऱ्यावरचे वाघ: चंद्रपूरच्या कोळसा खाणींमागची गोष्ट

चंद्रपूरहून मोहर्लीला, म्हणजे ताडोब्याच्या दाराशी, नेणारा रस्ता दुर्गापूर आणि पद्मापूरच्या कोळसा खाणींच्या अंगानेच जातो. या पट्ट्यात वाघ दिसला की ‘वाघ वस्तीत शिरला’ अशी बातमी होते. बहुतेक वेळा तो खाणीच्या मातीच्या ढिगाऱ्यांवर मुक्कामालाच असतो.

वर्धा खोऱ्यातला कोळसा इंग्रजांच्या काळापासून निघतो आहे. जुन्या खाणी बहुतेक भूमिगत. जमीन खचायची भीती असली तरी वरची झाडे टिकून असत. 1973 साली खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले, 1975 साली वेकोलि (वेस्टर्न कोलफिल्ड्स लिमिटेड, इथल्या खाणी चालवणारी सरकारी कंपनी) स्थापन झाली आणि पुढे खुल्या खाणींवर भर आला. 1980 च्या दशकात दुर्गापूरला कोळशावर चालणारे महाऔष्णिक वीजकेंद्र उभे राहिले आणि कोळशाची भूक आणखी वाढली. इकडे 1955 च्या 116.55 चौरस किलोमीटरच्या ताडोबा राष्ट्रीय उद्यानाला 1986 साली अंधारी अभयारण्याची जोड मिळाली आणि संरक्षित क्षेत्र 625 चौरस किलोमीटरपर्यंत गेले. वाघ वाढले, तशी दीड-दोन वर्षांची पिल्ले आईपासून सुटून नवी जागा शोधत दक्षिणेला उतरू लागली. तिथे खाणी होत्या.

खुल्या खाणीत कोळशावरची माती आणि खडक, म्हणजे ओबी (ओव्हरबर्डन), काढून बाजूला रचतात. पर्यावरण मंजुरीच्या अटी कागदावर चांगल्या असतात: वरची सुपीक माती वेगळी साठवायची, ढिगाऱ्याचा एकूण उतार 28 अंशांच्या आत ठेवायचा, टप्पे पाडायचे, हेक्टरी सुमारे 2500 झाडे लावायची. बिघडते ते पहिल्याच पायरीला. सुपीक माती खडकाखाली गाडली गेली की वर उरते वाळूखडकाचा आणि शेल या ठिसूळ खडकाचा चुरा. त्यावर गवत धरत नाही, पावसात उतारावर घळी पडतात आणि गाळ नाल्यांतून इरई नदीत उतरतो.

अशा जागी तग धरते ती काटेरी विलायती बाभूळ. तिच्या शेंगा गुरे खातात, शेणातून बी पसरते आणि काही वर्षांत माणूस आत शिरू शकणार नाही असे झुडूप माजते. वाघ, बिबट आणि अस्वलाला याहून चांगला आडोसा नाही. रानडुकरे आणि मोकाट गुरे जवळच, खोदून सोडलेल्या खड्ड्यांत बारमाही पाणी, लोकांना आत येण्याची बंदी. सुरुंगाचे आवाज ठरलेल्या वेळी होत असल्याने प्राण्यांना ते अंगवळणी पडतात. म्हणून ‘खाण असूनही वाघ आहेत, म्हणजे खाणीने जंगलाचे काही बिघडत नाही’ हा युक्तिवाद लंगडा आहे. भक्ष्य आणि आडोसा आहे म्हणून वाघ टिकतो. तेवढ्याने ती जागा जंगल होत नाही.

याची किंमत कामगार आणि वसाहतीतली माणसे मोजतात. फेब्रुवारी 2022 मध्ये वीजकेंद्र आणि दुर्गापूर परिसरात लागोपाठ दोन दिवसांत दोन बळी गेले: एक वाघाच्या, एक बिबट्याच्या हल्ल्यात. मग झुडपे तोडा, वाघ पकडा, अशी मागणी झाली. वाटेवरची आणि वस्तीलगतची झुडपे काढणे, दिवे लावणे, कचरा व मोकाट गुरे आवरणे हे हवेच, कारण कुत्री आणि डुकरे कचऱ्यावर येतात आणि त्यांच्यामागे बिबट. नुसता वाघ उचलला तर रिकाम्या जागी दुसरा येतो.

ताडोब्याला लागून लोहाऱ्याला प्रस्तावित असलेली खाण लोकांच्या विरोधामुळे बारगळली, आणि चिमूरकडच्या वाघांच्या वाटेवरचा ‘बंदर’ नावाचा कोळसा खाणपट्टा 2020 साली लिलावातून वगळला गेला. दुर्गापूरला मात्र खाणी आधीच आहेत. तिथे प्रश्न उरतो तो ढिगाऱ्यांवर माती कोणती पसरणार आणि त्यावर काय उगवू देणार, एवढाच.