ब्रेकच्या जॉब कार्डामागचा इतिहास

घरच्या गाडीची वार्षिक सर्व्हिसिंग झाली की हातात पडणाऱ्या जॉब कार्डावर ब्रेकच्या नावाने चार-पाच ओळी असतात. पुढचे पॅड तपासले, मागचे ड्रम उघडून साफ केले, ब्रेक ऑइल बदलले, हँडब्रेकची केबल ताणली. बिल भरण्याच्या घाईत आपण त्या वाचत नाही. या ओळी एका वेळी ठरलेल्या नाहीत, गेल्या सव्वाशे वर्षांत एकेक करून जमा झाल्या आहेत. ब्रेकच्या रचनेत बदल झाला की झीज आणि बिघाड नव्या जागी सरकत गेले आणि मिस्त्रीचे काम त्यांच्यामागे गेले.

मोटारगाडीच्या आधी घोडागाड्यांना जो ब्रेक असे, तो म्हणजे चाकाच्या लोखंडी धावेवर दाबला जाणारा लाकडी ठोकळा. घाट उतरताना तो जळे, झिजे आणि बदलावा लागे. इंग्लंडमधील डर्बीशरच्या डोंगराळ भागात गाडीवाले त्या ठोकळ्यांवर जुन्या बुटांचे चामडे ठोकत असल्याचे हर्बर्ट फ्रूड याने पाहिले आणि त्यातून 1897 मध्ये घर्षणासाठी खास वस्तू बनवण्याचा व्यवसाय उभा राहिला. स्वतःच्या आडनावाची इंग्रजी अक्षरे उलटसुलट करून आणि त्यात एका ‘ई’ची भर घालून त्याने ‘फेरोडो’ हे नाव तयार केले. पुढे हवा भरलेले रबरी टायर आले आणि धावेवर ठोकळा दाबणे अशक्य झाले, कारण त्यात टायरच फाटला असता. त्यामुळे घर्षणाची जागा चाकाच्या आत, चाकाबरोबर फिरणाऱ्या डब्यासारख्या ड्रममध्ये नेणे भाग पडले. लुई रेनॉ याचा आतून उघडणाऱ्या शूंचा (ड्रमला आतून घासणाऱ्या कमानदार पट्ट्यांचा) ड्रम ब्रेक 1902 चा आहे. त्याच वर्षी बर्मिंगहॅममध्ये फ्रेडरिक लँचेस्टर याने डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले. पण त्याचे तांब्याचे पॅड धातूच्या चकतीवर घासताना इतके किंचाळत, की ती कल्पना तेव्हा रुजली नाही.

ड्रममधल्या शूवर जे लायनर, म्हणजे घासून झिजणारे अस्तर, बसवतात, त्यासाठी लवकरच अॅस्बेस्टॉस या तंतुमय खनिजाचा वापर सुरू झाला, कारण तो तापला तरी जळत नसे आणि स्वस्त होता. या निर्णयाची किंमत पुढची सत्तर-ऐंशी वर्षे कामगारांनी आणि गॅरेजवाल्यांनी मोजली. मुंबईत घाटकोपरला हिंदुस्थान फेरोडोच्या कारखान्यात लायनर बनत, आणि अॅस्बेस्टॉसच्या धुळीने होणाऱ्या फुफ्फुसाच्या आजाराच्या चर्चेत त्या कारखान्यातील कामगारांचे नाव वारंवार येत गेले. गॅरेजमध्ये त्या काळी ड्रम काढला की आतली करडी पूड कॉम्प्रेसरच्या हवेने उडवून देण्याची पद्धत होती, आणि पान्याबरोबर उभा असलेला शिकाऊ पोरगा ती नाकातोंडात घेई. आज पॅडच्या खोक्यावर ‘अॅस्बेस्टॉसमुक्त’ असे छापलेले दिसते. तरीही ड्रम साफ करताना ओला फडका किंवा फवारणीचा क्लीनर वापरावा, हवा मारू नये, या आग्रहामागे हाच इतिहास आहे.

सुरुवातीच्या गाड्यांत पेडलपासून चाकापर्यंत सळया आणि तारा असत. चार चाकांवर सारखा दाब पडावा म्हणून प्रत्येक सळईची लांबी सतत जुळवत राहावे लागे, आणि एका बाजूची ढिली राहिली तर ब्रेक लावताच गाडी बाजूला ओढली जाई. या त्रासावर माल्कम लॉगहेड या अमेरिकन अभियंत्याने द्रवाचा मार्ग शोधला. लॉकहीड ही विमान कंपनी ज्या अॅलनची, त्याचाच हा भाऊ. बंद नळीतल्या द्रवावर टाकलेला दाब सगळीकडे सारखा पोहोचतो, म्हणून सळया जुळवण्याचा प्रश्नच उरत नाही. डुसेनबर्ग या अमेरिकन कंपनीच्या 1921 च्या गाडीत चारही चाकांना असे द्रवाच्या दाबाचे, म्हणजे हायड्रॉलिक, ब्रेक आले आणि 1924 च्या क्रायस्लरने ते सामान्य खरेदीदाराच्या आवाक्यात आणले. फोर्डने मात्र 1939 पर्यंत सळया सोडल्या नाहीत.

नवी सोय आली तशी नवी दुखणीही आली. गळती रोखण्यासाठी आधी चामड्याचे आणि मग रबराचे कप वापरण्यात आले. त्या काळचा द्रव बहुधा एरंडेल तेल आणि अल्कोहोल यांचे मिश्रण असे, कारण खनिज तेल लागले की नैसर्गिक रबर फुगून निकामी होते. आपल्याकडे ‘ब्रेक ऑइल’ हे नाव पडले आहे, पण त्यात इंजिन ऑइलचा एक थेंबही चालत नाही. चाकातले शू ढकलणाऱ्या व्हील सिलेंडरचे ‘किट’, म्हणजे रबराचे कप आणि टोप्या, ठरावीक मुदतीनंतर बदलण्याची रीत इथून सुरू झाली. आणि ‘हवा काढणे’, म्हणजे द्रवात शिरलेली हवा बाहेर सोडणे, हे कामही. ते दोन माणसांशिवाय होत नसे. एकाने आत बसून पेडल पंप करून दाबून धरायचे, दुसऱ्याने चाकाच्या मागे आडवे होऊन निपल (हवा सोडण्याचा पोकळ स्क्रू) पाव वेढा सैल करायची, पिवळ्या नळीतून बुडबुडे बाटलीत जाऊ द्यायचे, आणि पेडल सोडण्याआधी निपल बंद करायची. बहुतेक जुन्या गाड्यांत, पेडल दाबताच द्रव ढकलणाऱ्या मास्टर सिलेंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करत. आमच्या घरी आत बसण्याचे काम पोरांकडे असे, आणि ‘दाब’ व ‘सोड’ या दोन आज्ञांत घोटाळा केला की सगळे पहिल्यापासून करावे लागे.

कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून बाहेर पडलेली फिएट, पुढची प्रीमियर पद्मिनी, याच युगातली होती: चारही चाकांना ड्रम आणि हायड्रॉलिक दाब. ड्रमचा मूळ दोष घाटात समजतो. बोरघाट उतरताना सतत ब्रेक दाबला की ड्रम तापून फुगतो, म्हणजे शूपासून लांब जातो, आणि पेडल हळूहळू खाली जाऊ लागते. त्यावर जुन्या ड्रायव्हरांचा उपाय एकच होता, ज्या गिअरमध्ये घाट चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचे. शिवाय लायनर जसजसे झिजे, तसतसे चाक जॅकवर उचलून, हाताने फिरवत, शू ड्रमला किंचित घासेपर्यंत आवळून पुन्हा थोडे सैल करण्याचे काम दर काही हजार किलोमीटरवर करावे लागे. ज्या घरांत मोटार नव्हती आणि चेतक स्कूटर हीच कुटुंबाची गाडी होती, तिथे हेच समायोजन केबलच्या टोकाच्या नटावर होई.

डिस्क ब्रेकला दिवस यायला अर्धे शतक जावे लागले. डनलॉपचे डिस्क ब्रेक लावलेल्या जग्वारने 1953 ची फ्रान्समधील ल मांची शर्यत जिंकली आणि 1955 च्या सिट्रोएन डीएसने ते पुढच्या चाकांवर घाऊक उत्पादनात आणले. चकती उघड्यावर असल्याने लवकर थंड होते आणि तापून फुगली तरी पॅडकडेच सरकते. पॅड ढकलणाऱ्या पिस्टनभोवतीचे रबरी कडे किंचित पिळले जाऊन सुटते आणि पॅडचे अंतर आपोआप जुळवून घेते. आवळण्याचे काम संपले. मात्र झीज लपली. पॅड पातळ होतात तसा पिस्टन पुढे येतो आणि टाकीतील द्रवाची पातळी उतरते. अशा वेळी नुसते ऑइल ‘टॉप-अप’ केले की ही खूण पुसली जाते, आणि नवे पॅड बसवताना पिस्टन मागे ढकलला की तेच जास्तीचे ऑइल बोनेटखाली सांडून रंग खाते. म्हणून पातळी कमी दिसली तर आधी पॅड पाहावेत, बाटली नंतर उघडावी. पॅडला लावलेली पत्र्याची जीभ चकतीला घासून मुद्दाम चिरका आवाज करते, तीही याच लपलेल्या झिजेवरची तोड आहे.

आजचा द्रव ग्लायकॉलचा असतो आणि तो हवेतील ओलावा शोषतो. डॉट 4 प्रतीच्या द्रवाचा उत्कलनबिंदू नवा असताना किमान 230 अंश सेल्सिअस असावा लागतो, पाणी मुरल्यावर तो 155 पर्यंत खाली आला तरी मानकात बसतो. घाटात कॅलिपर (चकतीवर पॅड दाबणारी पकड) तापला की त्या पाण्याची वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल रिकामे लागते. साधारण दोन वर्षांनी ऑइल बदलण्याचा नियम यासाठी आहे, आणि कोकणातल्या दमट हवेत तो पुढे ढकलण्यात शहाणपण नाही. माझ्या मते जॉब कार्डावरची सर्वाधिक दुर्लक्षित ओळ हीच.

एक जुनी सवय मात्र इतिहासाने घातक करून ठेवली आहे. पेट्रोल वाचवण्यासाठी उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडणे हे बूस्टर (पायाचा जोर वाढवणारे यंत्र) नसलेल्या गाड्यांत, मूर्खपणाचे असले तरी, ब्रेकची ताकद कमी करत नसे. नंतरच्या गाड्यांत इंजिनच्या निर्वातावर चालणारा बूस्टर आला. इंजिन बंद केल्यावर दोन-तीन वेळा दाबेपर्यंत निर्वाताचा साठा पुरतो आणि मग पेडल दगडासारखे कठीण होते. एकेकाळी एका नळीची गळती म्हणजे सगळे ब्रेक गेले असे समीकरण होते. तेही द्रवाचे दोन स्वतंत्र मार्ग असलेल्या मास्टर सिलेंडरने बदलले. हँडब्रेक मात्र बहुतेक घरगुती गाड्यांत अजून तारेवरच आहे, सळयांच्या काळाचा हा एवढाच अवशेष उरला आहे.

जोरात ब्रेक लावला तरी चाके जाम होऊ न देणारी, बॉशने विकसित केलेली एबीएस प्रणाली मर्सिडीझच्या एस-क्लासमध्ये 1978 साली आली. भारतात सर्व नव्या मोटारींना ती सक्तीची व्हायला एप्रिल 2019 उजाडले. त्या वेळी 125 सीसीवरील दुचाकींनाही एबीएस आणि त्याखालच्यांना किमान दोन्ही ब्रेक एकत्र लागण्याची सोय बंधनकारक झाली. पायाखाली पेडल थरथरले की घाबरून पाय उचलणारे चालक अजून भेटतात, वास्तविक ते प्रणाली काम करत असल्याचे लक्षण असते आणि पाय तसाच दाबून ठेवायचा असतो. मिस्त्रीचे काम मात्र इथे अडले. एबीएसच्या यंत्रात हवा शिरली तर काही गाड्यांत ती काढायला संगणकी स्कॅनर लागतो, आणि पेडल दाबायला बसवलेल्या पोराने भागत नाही.

विजेवर चालणाऱ्या गाड्यांत वेग कमी करण्याचे बरेचसे काम मोटारच करते, त्यामुळे पॅड वर्षानुवर्षे टिकतात. पण न घासलेल्या चकतीवर पावसाळ्यात तांबूस गंज धरतो आणि कॅलिपरच्या सरकत्या पिना जाम होतात. म्हणून अशा गाडीच्या जॉब कार्डावर आता पिना साफ करून ग्रीस लावण्याची ओळ येऊ लागली आहे, आणि मिस्त्री गाडी परत देताना सांगतो की अधूनमधून रिकाम्या रस्त्यावर दोन-चार वेळा जरा जोरात ब्रेक लावत जा.