लोढणं उतरवणं आणि कलम बांधणं

गोव्यातल्या फोंड्यात माझं औषधांचं दुकान आहे. गेल्या पावसाळ्यात ओळखीतला एक मुलगा आला, मोबाइल माझ्यापुढे धरला आणि म्हणाला, "काका, बाबांना ही ट्रीटमेंट सांगितलीय. चाळीस लाख लागतात म्हणे. भाट विकायला काढू का?" भाट म्हणजे त्यांची बागायत. मोबाइलवर कार-टी पेशींचा व्हिडिओ चालू होता. त्याच्या दुसऱ्या हातातल्या चिठ्ठीवर डॉक्टरांनी 'निवोलुमॅब' लिहिलं होतं, म्हणजे वेगळाच उपचार. बाबांना फुप्फुसाचा कॅन्सर. कुठल्या तरी नातेवाइकाने 'इम्युनोथेरपी' (प्रतिकारशक्तीकरवी उपचार) आणि 'टी-सेल' हे दोन शब्द ऐकले, जो पहिला व्हिडिओ सापडला तो पुढे ढकलला आणि घरात रात्रभर कोणाला झोप नाही.

त्या नातेवाइकाला मी फार दोष देत नाही. हे दोन्ही उपचार जगासमोर आले तेच मुळी एका वर्षात. मार्च २०११ मध्ये अमेरिकेत इपिलिमुमॅब या, निवोलुमॅबच्याच जातीच्या, औषधाला मंजुरी मिळाली. त्याच ऑगस्टमध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या कार्ल जून यांनी कार-टी दिलेल्या पहिल्या रुग्णांची हकिगत छापली. दोन्हीकडे कॅन्सरला मारते ती रुग्णाची स्वतःची टी-पेशी, म्हणजे रक्तातली रोगाशी लढणारी एक पांढरी पेशी. त्यामुळे बातम्यांतही दोघांचं एकच गाठोडं झालं.

ओढाळ गुराच्या गळ्यात लोढणं बांधतात ते आठवा. गुराच्या अंगात बळ असतं, पण पळायला गेलं की लाकडाचा ओंडका पायांत येतो. टी-पेशीच्या अंगावर अशी लोढणी जन्मतःच असतात. ती नसती तर आपल्याच आतड्यावर आणि आपल्याच सांध्यांवर ती तुटून पडली असती. अशा एका लोढण्याचं नाव सीटीएलए-४, दुसऱ्याचं पीडी-१. कित्येक कॅन्सर हुशार निघतात. ते पीडी-१ ला जुळणारा रेणू आपल्या अंगावर मिरवतात आणि जवळ आलेल्या टी-पेशीचा पाय अडकवतात.

टेक्सासचे जेम्स अ‍ॅलिसन टी-पेशीच्या मागे लागले ते कुतूहलापोटी. आई लिम्फोमाने (लसिका ग्रंथींच्या कॅन्सरने) गेली तेव्हा ते शाळकरी होते, ती सल मनात होतीच. पण सीटीएलए-४ वर काम सुरू केलं ते ही पेशी चालते कशी हे कळावं म्हणून. हा रेणू टी-पेशीला चेव आणतो असं तेव्हा काही जण मानत होते. अ‍ॅलिसन यांच्या आणि आणखी एका प्रयोगशाळेला उलटं दिसलं, तो तिला आवरतो. मग तो झाकला तर? कॅलिफोर्नियातल्या बर्कलेत १९९४ च्या अखेरीस उंदरांवर प्रयोग झाला आणि गाठी विरघळल्या. इतकं छान उत्तर आलं की स्वतःचाच विश्वास बसेना. तोच प्रयोग लगेच पुन्हा लावला. नाताळात सहकारी सुट्टीवर, म्हणून गाठी मोजायला अ‍ॅलिसन स्वतः. कुठल्या उंदराला काय टोचलंय हे त्यांना मुद्दाम सांगितलं नव्हतं. सुरुवातीला सगळ्यांच्याच गाठी वाढत होत्या, त्यामुळे ते खट्टू झाले. मग निम्म्या उंदरांच्या थांबल्या आणि आटू लागल्या. १९९६ मध्ये हे छापून आलं. त्यानंतर औषध करायला कंपनी तयार व्हावी म्हणून काही वर्षं दारोदार फिरणं. तेच हे इपिलिमुमॅब. मंजुरीपर्यंत पंधरा वर्षं गेली. जपानमध्ये तासुकु होन्जो यांच्या प्रयोगशाळेला पीडी-१ त्याआधीच, १९९२ मध्ये, सापडला होता. पेशींच्या मरणाशी त्याचा संबंध असावा अशा समजुतीने नावात 'डेथ' घातलं (पीडी-१ मधला 'डी' तो हाच), आणि काम वेगळंच निघालं तरी नाव राहिलं. २०१८ चं नोबेल या दोघांना मिळून. (अ‍ॅलिसन माउथ ऑर्गन वाजवतात. प्रतिकारशक्तीच्या अभ्यासकांचा त्यांचा एक बँड आहे, नाव 'चेकपॉइंट्स'. अशी माणसं मला आवडतात.)

म्हणजे निवोलुमॅब किंवा पेम्ब्रोलिझुमॅब ही पीडी-१ वरची औषधं कॅन्सरला हातही लावत नाहीत. ती अँटिबॉडी (ठरावीक रेणूलाच चिकटणारी प्रथिनं) असतात, लोढण्यावर जाऊन बसतात आणि गुराला मोकळं करतात. बाटली कारखान्यातून येते, फ्रीजमध्ये २ ते ८ अंशांत राहते, आणि माझ्या दुकानातली बाटली गोव्याच्या एका टोकाला काणकोणच्या रुग्णालाही चालते, दुसऱ्या टोकाला पेडण्याच्याही. सलाइनमधून द्यायची, दोन-तीन-चार आठवड्यांनी पुन्हा.

कार-टीचं तसं नाही. ते कलम आहे. मानकुराद आंब्याचं कलम करताना खुंट रायवळाचा ठेवतात आणि त्यावर हव्या त्या झाडाची काडी बांधतात. इथे खुंट म्हणजे रुग्णाची टी-पेशी. तिच्यावर बांधायची काडी म्हणजे एक बनवलेला ग्राहक रेणू (रिसेप्टर; कार-टीतला 'कार' तो हाच), ज्याचं बाहेरचं टोक अँटिबॉडीचं आणि आतलं टोक टी-पेशीला चेतवणारं. ही कल्पना इस्रायलच्या झेलिग एशहार यांनी १९८९ मध्ये करून दाखवली. टी-पेशीला शत्रू ओळखता येत नसेल तर ओळखायला नवा डोळाच बसवायचा, असा हा विचार.

कार्ल जून हे मूळचे अमेरिकी नौदलातले डॉक्टर, एचआयव्हीवर काम केलेले. त्यांनी नवं जनुक पेशीत पोचवायला जो विषाणू वापरला तो एचआयव्हीपासूनच, त्याची नखं काढून, तयार केलेला. २००१ मध्ये त्यांची पत्नी अंडाशयाच्या कॅन्सरने गेली. २०१० मध्ये पहिल्या तिघांना या पेशी दिल्या, दोघांचा रक्ताचा कॅन्सर दिसेनासा झाला. २०१२ मध्ये सहा वर्षांच्या एका मुलीची पाळी आली. पेशी अंगात वाढल्या आणि ती तापाने फणफणली, व्हेंटिलेटरवर गेली. रक्तात इंटरल्यूकिन-६ (दाह भडकवणारं एक प्रथिन) अफाट वाढलं होतं. जून यांच्या मुलीला लहानपणापासून संधिवात. त्यामुळे त्यावरचं टोसिलिझुमॅब हे औषध नेमकं इंटरल्यूकिन-६ लाच अडवतं हे त्यांना माहीत होतं. ते दिलं आणि काही तासांत ताप उतरू लागला. ती छोटी रुग्ण वाचली. ती गेली असती तर हे संशोधन तिथेच गाडलं गेलं असतं, असं जून यांनी स्वतः सांगितलंय. २०१७ मध्ये त्याच उपचाराला अमेरिकेत मंजुरी मिळाली, तेव्हाची किंमत ४,७५,००० डॉलर.

आपल्याकडे आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून नेक्सकार१९ हा कार-टी उपचार उभा केला. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याला मंजुरी मिळाली, तेव्हाचा खर्च चाळीस लाखांच्या घरात. त्या मुलाच्या व्हिडिओतला आकडा इथून आलेला.

प्रत्यक्ष काय घडतं? डेंगीच्या साथीत प्लेटलेट द्यायला मशिनवर बसलेलं कोणी पाहिलं असेल, तसंच मशीन. रक्त बाहेर, हव्या त्या पेशी वेगळ्या, बाकीचं परत. त्या पेशी प्रयोगशाळेत जातात, काही आठवड्यांनी गोठवलेली एक पिशवी येते. ती देण्याआधी रुग्णाला जुन्या पेशींची गर्दी हटवायला केमो. मग पिशवी कोमट पाण्यात वितळवायची, आणि काही मिनिटांत ती शिरेत रिकामी होते. त्या पिशवीवर रुग्णाचं नाव असतं. दुसऱ्या कोणालाही ती चालत नाही. मी आता लोकांना हीच खूण सांगतो. औषध कपाटातून निघालं की तुमच्याच रक्तातून, एवढं विचारा, निम्मा गोंधळ मिटतो.

त्यानंतरचे दिवस कठीण. ताप येतो, रक्तदाब घसरतो, आणि कधी मेंदूवर परिणाम होतो. तो वेळीच कळावा म्हणून रुग्णाकडून रोज एक वाक्य लिहून घेतात. काल सरळ लिहिणाऱ्याचं अक्षर आज वेडंवाकडं झालं तर डॉक्टर सावध. म्हणून काही आठवडे तरी केंद्राजवळ मुक्काम लागतो. थिवी स्टेशनवर कोकणकन्या धरून आठवड्याला मुंबईला जाऊन-येऊन करण्यातलं हे काम नाही.

आणि कार-टी आज मुख्यतः रक्ताच्या कॅन्सरचं औषध आहे. बी-पेशी (याही रक्तातल्या पांढऱ्या पेशी) यांच्या अंगावरचा सीडी१९ हा रेणू तिचा नेहमीचा निशाणा. निरोगी बी-पेशीही त्यात मरतात, पण माणूस त्यांच्याविना निभावू शकतो. फुप्फुसाच्या गाठीवरची खूण धरायला जावं तर तीच थोडीफार चांगल्या अवयवांवरही असते, आणि तो अवयव गमावून चालत नाही. शिवाय टणक गाठीच्या आत पेशी नीट शिरतच नाहीत. उलट, फुप्फुस, मूत्रपिंड, मेलानोमा (त्वचेचा एक कॅन्सर) यांत लोढणं उतरवणारी औषधं बऱ्याच जणांना गुण देतात. सगळ्यांना नाही, आणि हे विक्रेता म्हणून मी लपवत नाही.

पैशांचं म्हणाल तर त्यातही वाटा निघतात. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी तोंडा-घशाच्या पुढच्या टप्प्यातल्या १५१ रुग्णांवर अभ्यास केला. निम्म्यांना गोळ्यांच्या केमोसोबत निवोलुमॅब फक्त २० मिलिग्रॅम, तीन आठवड्यांतून एकदा. नेहमीचा डोस २४० चा. वर्षभरानंतर नुसती केमो घेतलेल्यांतले १६.३ टक्के जिवंत होते, निवोलुमॅबही घेतलेल्यांतले ४३.४ टक्के. सगळ्यात लहान बाटली ४० मिलिग्रॅमची, म्हणजे एका बाटलीत दोन रुग्ण. प्रत्येक कॅन्सरला हे लागू होतं असं मात्र कोणी धरून चालू नये.

मुलाला एवढं सगळं काही मी काउंटरवर सांगितलं नाही. चिठ्ठी आणि व्हिडिओ वेगळे आहेत, भाट विकू नकोस, डॉक्टरांना पुन्हा भेट, इतकंच म्हटलं.

लोढणं सुटलेलं जनावर शेजाऱ्याच्या शेतातही शिरतं. कोणाच्या आतड्यात, कोणाच्या फुप्फुसात, कधी औषध सुरू होऊन काही महिन्यांनी. तेव्हा स्टेरॉइड देऊन आवरावं लागतं. त्याच्या बाबांच्या बाबतीत ते थायरॉइडमध्ये शिरलं. आता तो महिन्याला थायरॉक्झिनची बाटली न्यायला येतो. परवा विचारत होता, "काका, बाबा चहा घेतल्यावर गोळी घेतात, चालेल?" म्हटलं, नाही रे, आधी गोळी, मग अर्धा-पाऊण तासाने चहा.